विकाऊ घराची दिवाळी

पितृपक्षात नवी मुंबईतल्या एजंटांची दुकानं थंड असतात. त्या पंधरवड्यात टोकन द्यायला किंवा साठेखत करायला सहसा कुणी पुढे येत नाही. पण दसऱ्याला गिऱ्हाईक दारात यायचं असेल, तर भिंती त्याआधी वाळलेल्या हव्यात. म्हणून ज्यांना घर विकायचं असतं त्यांची लगबग याच दिवसांत सुरू होते. जिन्यात लांबीचे डबे येतात, गॅलरीतलं भंगार रद्दीवाल्याकडे जातं, माळ्यावरच्या गोणी खाली उतरतात. वरवर पाहिलं तर ही दिवाळीचीच साफसफाई. फरक इतकाच, की या घरात आकाशकंदील दुसराच कुणीतरी लावणार असतो.

हा लेख शिरवण्याचा. जुईनगर स्थानक, नेरुळ आणि सायन-पनवेल महामार्ग यांच्या मधे अडकलेलं हे जुनं आगरी गाव. महामार्गापलीकडे त्याच्याच नावाची एमआयडीसी, अलीकडे सेक्टरांचे आखीव रस्ते, आणि मधे दोन माणसं एकमेकांना वाट देत जातील अशा गल्ल्या. घर विकायला काढलं की ते कसं दाखवायचं, काय पुढे करायचं, काय मागे सारायचं, याचे सगळे प्रकार इथे दहा-पंधरा मिनिटांच्या पायपिटीत पाहायला मिळतात.

अमेरिकेत या कामाचा रीतसर धंदा झाला आहे. त्याला ‘होम स्टेजिंग’ म्हणतात आणि त्याचं श्रेय सिॲटल भागातल्या बार्ब श्वार्झ या घरविक्रेत्या बाईंना दिलं जातं. नाटकाची पार्श्वभूमी असलेल्या श्वार्झबाईंनी १९७२ च्या सुमारास विकायची घरं आधी नेपथ्यासारखी मांडायला सुरुवात केली. भाड्याने सोफे, चित्रं, दिवे आणायचे. घर विकलं की परत न्यायचे. आपल्याकडे एवढा खर्च सहसा होतो तो बिल्डरच्या सँपल फ्लॅटवर. जुन्या घराच्या बाबतीत एजंट, रंगारी आणि घरची बाई असे तिघं मिळून हे काम उरकतात. पण शिरवण्याकडे नीट पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. घराला किती सजवायचं, हे इथे मालकाच्या हौसेवर कमी आणि घराच्या कागदांवर जास्त ठरतं.

एका गावात तीन घरं

इथल्या एजंटाला घर म्हटलं की पहिला प्रश्न ‘किती खोल्या’ हा नसतो. ‘सिडकोचं, साडेबाराचं की गावठाणातलं?’ हा असतो. या तीन शब्दांत पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे.

सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. शिरवण्याची शेती आणि मोकळी जमीन त्यात गेली. उरलं ते गावठाण. अपुऱ्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाटा इथे झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या संघर्षातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या १२.५ टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत मिळायचा. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी कपात होऊन हातात साधारण ८.७५ टक्के पडायचा.

बहुतेक भूमिपुत्रांकडे या भूखंडावर इमारत बांधायला पैसा नव्हता. तो बिल्डरकडे होता. मग सिडको, भूखंडधारक आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार व्हायचा आणि चार-सात मजली इमारत उभी राहायची. ही ‘साडेबाराची बिल्डिंग’. सिडकोने स्वतः बांधून सोडत काढून विकलेली ती ‘सिडकोची’. आणि गावठाणात किंवा त्याच्या कडेला, कुटुंब वाढलं म्हणून, भाडं यावं म्हणून, पुढे पुढे विकायचं म्हणूनही जी घरं मजल्यावर मजला चढवत गेली, ती ‘गावठाणातली’.

या तिसऱ्या प्रकाराला ‘बेकायदा’ एवढा एकच शिक्का मारून मोकळं होणं सोपं आहे. पण गावाची शेती शहराने घेतली आणि गावठाणाची हद्द मात्र वाढत्या कुटुंबांच्या वेगाने वाढली नाही. तीन भावांची लग्नं झाल्यावर चौथी खोली कुठे काढायची? ती वर काढली गेली. ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ हा शब्द आंदोलनातून आला आणि सरकारी कागदांतही रुजला. २०२२ मध्ये शासनाने गावठाणाभोवती २५० मीटरपर्यंतची प्रकल्पग्रस्तांची अशी बांधकामं नियमित करण्याचा निर्णयही काढला. पण प्रकल्पग्रस्ताने स्वतःच्या गरजेपोटी बांधलेलं घर आणि त्याच गल्लीत बाहेरच्या पैशावर उभी राहिलेली, एकेक खोली सुटी विकायची इमारत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकायला काढलेली खोली दाखवताना पहिलीची कहाणी दुसरीच्या कामी येते.

आता या तिन्ही घरांची सजावट पाहा. सिडकोच्या वन बीएचकेला फारसं नटावं लागत नाही. त्याच्याकडे वाटपपत्र आहे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे, बँक कर्ज देते. भिंतीला एक हात रंग आणि मोरीला ॲसिड मारलं की पुरतं. साडेबाराच्या इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र असेल, म्हणजे एजंटाच्या भाषेत ‘ओसी आहे’, तर तिथेही तेच. ओसी नसेल तर लॉबीत ग्रॅनाइट आणि लिफ्टमध्ये आरसा जास्त चमकतो. आणि गावठाणातल्या नव्या इमारतीत दार उघडताच पीओपीचं छत, त्यात निळ्या दिव्यांची पट्टी, मॉड्युलर किचन, चार फुटी टाइल, भिंतीत बसवलेला टीव्हीचा चौकोन. दर सेक्टरपेक्षा बराच कमी. ‘फुल्ली फर्निश्ड, रेडी टू मूव्ह’. कागदांचा विषय निघाला की मात्र ‘ते सगळं होतंय’.

हा काही पक्का नियम नाही. गावठाणात साधी, प्रामाणिक घरं आहेत आणि सेक्टरात लबाड सजावटही आहे. तरीही कागद जितका पातळ, तितका पीओपी जाड, एवढं मनात ठेवून घरं पाहायला गेलं तर फसगतीची शक्यता कमी होते.

एका हाताच्या रंगाचं गणित

घर सजवून दाखवण्यात मुळात गैर काही नाही. त्यामागे सरळ हिशेब असतो. समजा, ८० लाखांचा वन बीएचके विकायचा आहे आणि त्यावर ४० लाखांचं कर्ज बाकी आहे. साडेआठ टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याजच २८ हजारांच्या वर जातं. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर. घर तीन महिने जास्त पडून राहिलं तर लाखभर रुपये गेले. शिवाय गिऱ्हाईक भिंतीवरचे पापुद्रे बघून ‘रंगाचे काढा’ म्हणतं, तेव्हा ते रंगाचे खरे पैसे काढत नाही. थेट दोन-तीन लाख खाली उतरतं. साठ हजारांत रंग आणि किरकोळ दुरुस्ती होऊन दरातला एक टक्का जरी वाचला, तरी ते ऐंशी हजार होतात. म्हणून एजंट पहिल्याच भेटीत सांगतो, ‘आधी रंग काढा, मग माणसं आणतो.’

बाकीच्या सूचनाही ठरलेल्या. भिंतीला पांढरा किंवा फिकट क्रीम. जांभळी, पोपटी ‘हायलाइट’ भिंत आधी घालवायची. ट्यूबलाइट काढून एकसारखे एलईडी बसवायचे. नळाच्या तोट्या, फ्लश, स्विचबोर्ड, दाराची कडी या चार गोष्टी चालू आणि चकचकीत हव्यात. कारण येणारा माणूस बोलत बोलत हात त्यांनाच लावतो. घर अगदी रिकामं दाखवायचं नाही. रिकाम्या खोलीत पलंग मावेल की नाही याचा अंदाज बहुतेकांना येत नाही आणि ती आहे त्याहून लहान वाटते. पण भरगच्चही नको. सामान अर्धं करायचं, कपाटाचं एक दार उघडेल अशी जागा सोडायची, किचनच्या ओट्यावर गॅसशिवाय काही ठेवायचं नाही.

नळ सोडून पाणी दाखवणं हा नवी मुंबईतला खास विधी. महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे आणि ठाणे-मुंब्र्याकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाला धो धो नळ हा कुठल्याही सोफ्यापेक्षा जास्त पटतो. तिथे सजावट करावी लागत नाही, नुसता नळ सोडावा लागतो.

वेळही ठरवून घेतात. महामार्गाच्या बाजूचं घर दुपारी दाखवतात. ट्रकांचा खरा गोंगाट रात्री कळतो. एमआयडीसीच्या बाजूने कधी रासायनिक वास येतो तोही बहुधा रात्री-पहाटेच. पश्चिमेची खोली सकाळी दाखवतात, म्हणजे ऊन तापलेलं नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोसम. जुलैत शिरवण्यातलं कुठलंही वरच्या मजल्यावरचं घर स्वतःबद्दल खरं बोलतं. ऑक्टोबरात भिंती वाळतात, त्यावर पुट्टी चढते आणि दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर तेच घर नव्यासारखं होऊन उभं राहतं. घरखरेदीचा आपला मोठा मोसम पावसाळा संपल्याबरोबर येतो, हे विकणाऱ्याच्या पथ्यावरच पडतं.

निनावी घर

सजवून विकण्याच्या अमेरिकी पुस्तकी नियमांत एक नियम असा, की घरातून मालक पुसून टाकायचा. कौटुंबिक फोटो, बक्षिसं, धार्मिक चिन्हं काढायची. येणाऱ्याला तिथे स्वतःचं कुटुंब दिसलं पाहिजे. तोच सल्ला शिरवणे-जुईनगरात आला की त्याचा अर्थ बदलतो.

इथे देवघर काढायला कुणी सांगत नाही. उलट ते उजळून ठेवायला सांगतात, कारण ईशान्येला देवघर ही जमेची बाजू. उंबरठ्याला रांगोळी, दाराला तोरण, तुळशीची कुंडी हे विक्रीचं सामान झालं आहे. वास्तुशास्त्राचे आक्षेप निघणार म्हणून आधीच आरसे हलवले जातात, पलंगाची तोंडं फिरवली जातात. काढायला सांगतात ते वेगळंच. माळ्यावरची सुकट, ओट्याजवळची बोंबलाची बरणी. ‘पार्टी येतेय, आज मच्छी तळू नका’ हे वाक्य आगरी-कोळी वस्तीच्या कुशीतल्या घरात बोललं जातं. समोरचं गिऱ्हाईक शाकाहारी असेल की नाही हे ठाऊक नसतं. तरी सावधगिरी म्हणून घराने आपला वास लपवायचा.

काही घरांत महापुरुषाची तसबीर किंवा दारावरची आडनावाची पाटी यांबद्दलही असाच मूक सल्ला दिला जातो. मुंबई परिसरात कुणाला घर मिळतं आणि कुणाला नाही, हे जात, धर्म आणि ताट यांवरून ठरल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. म्हणजे घराला ‘न्यूट्रल’ करणं म्हणजे प्रत्यक्षात ते एका ठरावीक गिऱ्हाइकाच्या पसंतीचं करणं. ज्या गावच्या जमिनीवर हे शहर उभं आहे, त्याच गावच्या स्वयंपाकाला विक्रीच्या दिवशी खिडकीबाहेर जावं लागतं. रंगसफेदीच्या सगळ्या प्रकारांत मला हा सर्वांत खटकतो. कारण यात लपवलेली गोष्ट दोष नसतेच.

दुसरी अडचण भाडेकरूची. इथली कितीतरी घरं अकरा महिन्यांच्या करारावर दिलेली असतात. मालक पुण्याला किंवा परदेशात, आणि घर दाखवायचं ते भाडेकरूने. घर विकलं की बिऱ्हाड हलवायचं आहे हे त्याला ठाऊक. तो कशाला चादरी बदलेल? एजंट आठवड्यात चार वेळा माणसं आणतो, पोरांची परीक्षा चालू असते, ओले कपडे दोरीवर. असं घर फोटोत कधीच चांगलं दिसत नाही. म्हणून जाणता मालक भाडेकरूशी आधी बोलतो, घर दाखवायचे वार आणि वेळा ठरवून देतो, महिन्याच्या भाड्यात थोडी सूट देतो. सोफ्यावर खर्च करण्यापेक्षा हा खर्च शहाणपणाचा.

सँपल फ्लॅटची करामत

नेपथ्याची खरी कला पाहायची तर बिल्डरच्या सँपल फ्लॅटमध्ये जावं. शिरवण्याच्या आसपास जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून अशा नमुना घरांना बरे दिवस आले आहेत. तिथे एसी सोळावर असतो, मंद सुगंध असतो, आणि काही गोष्टी नसतात. आतल्या खोल्यांना बहुधा दारं नसतात, कारण दार उघडायला जागा लागते. भिंतीऐवजी कुठेकुठे काच असते. पलंग नेहमीपेक्षा आखूड, जेवणाचं टेबल अरुंद, कपाट हँगर आडवा मावणार नाही इतकं उथळ असू शकतं. वॉशिंग मशीन, गॅस सिलिंडर, केरसुणी, इस्त्रीचं टेबल यांना जागाच ठेवलेली नसते. नमुना घर तळमजल्याला स्वतंत्र बांधलं असेल तर खऱ्या इमारतीतले खांब आणि बीम त्यात दिसत नाहीत, आणि खिडकीतून दिसणारं झाड अकराव्या मजल्यावरून दिसणार नसतं.

या करामतीवर कायद्याची नजर आहे, हे फारसं कुणी लक्षात ठेवत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये जाहिरात आणि माहितीपत्रक यांच्याबरोबर नमुना सदनिकेचा स्पष्ट उल्लेख आहे. नमुना घर पाहून पैसे भरले आणि त्यातलं चित्र खोटं निघून नुकसान झालं, तर प्रवर्तकाने भरपाई द्यायची. खरेदीदाराला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पूर्ण रक्कम व्याजासह परत करायची. महाराष्ट्रात महारेराचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. ऑगस्ट २०२३ पासून नव्या प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाइलवर धरला की मंजूर आराखडा, वकिलाचा टायटल रिपोर्ट आणि ताब्याची तारीख समोर येते.

म्हणून सँपल फ्लॅटमध्ये दोन वस्तू घेऊन जाव्यात, मोजपट्टी आणि मोबाइल. पट्टीने पलंग मोजावा. साधारण सव्वासहा फुटांपेक्षा आखूड निघाला तर बाकीच्या फर्निचरकडे संशयाने पाहावं. मोबाइलवर कार्पेट एरिया पाहावा. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. सँपल फ्लॅटमध्ये बाल्कनी आत घेऊन हॉल ऐसपैस केलेला असेल, तर तो हॉल करारात नसतो.

मात्र दोन मोठ्या फटी आहेत. जुन्या घराच्या दोन खासगी माणसांमधल्या खरेदी-विक्रीला रेराचं हे संरक्षण नाही. आणि ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसलेल्या जमिनीवरच्या किंवा आठपेक्षा जास्त घरं नसलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. गावठाणातल्या चिंचोळ्या भूखंडावरची इमारत बऱ्याचदा याच फटीत बसते. जिथे सर्वांत जास्त पीओपी, तिथेच सर्वांत कमी नोंदणी.

छताच्या वरचं छत

पीओपीच्या छताचं एवढं काय, असं कुणी विचारेल. हौस असते लोकांना. खरं आहे. पण नवी मुंबईत छत हा जुना दुखरा विषय आहे. वाशीत सिडकोने बांधलेल्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारतींत प्लास्टर आणि स्लॅबचे तुकडे कोसळण्याच्या घटनांनी कितीतरी कुटुंबांची झोप उडवली होती. कारण रसायनशास्त्राचं आहे. टेरेसवरून किंवा वरच्या बाथरूममधून पाणी स्लॅबमध्ये मुरतं, आतली सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. खाडीकडची खारी हवा हे काम लवकर करते. आधी बारीक भेग, मग फुगवटा, मग एक दिवस खाली पडलेला पोपडा.

अशा स्लॅबखाली फॉल्स सीलिंग मारलं की भेग दिसत नाही, पण पाणी थांबत नाही. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला तर काही आठवडे-महिने तो टिकतो. मग आतले क्षार पांढऱ्या भुकटीसारखे बाहेर येतात आणि रंग ढकलून देतात. तोपर्यंत खरेदीखत झालेलं असतं. म्हणून जाणकार माणूस हॉलची शोभा बघत बसत नाही. तो माळ्यात डोकं घालतो, कारण तिथे रंगारी सहसा पोचलेला नसतो. कपाटाची मागची भिंत पाहतो, भिंतीवर बोटाने टकटक करून पोकळ आवाज येतो का ते ऐकतो, वरच्या मजल्यावरचं बाथरूम कुठे आहे ते विचारतो. अगरबत्ती, रूम फ्रेशनर आणि डांबरगोळ्या यांचा एकत्र दरवळ आला तर तो खिडक्या उघडायला सांगतो.

कायदा इथेही गप्प नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा रेरापेक्षा पुष्कळ जुना, आणि तो तुमच्या-माझ्या जुन्या घरालाही लागू आहे. त्याचं कलम ५५ सांगतं, की वेगळा करार नसेल तर घरातला किंवा मालकीतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही कळणार नाही, तो विकणाऱ्याने सांगायलाच हवा. न सांगणं ही त्याच कलमानुसार फसवणूक. ‘घेणाऱ्याने बघून घ्यायचं’ हे वाक्य फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या दोषापुरतं चालतं. पापुद्रे सुटलेली भिंत तशीच दाखवली तर मालक सुटतो. तीच भिंत झाकून दाखवली की जबाबदारी त्याच्या अंगावर येते. रंगाचा एक हात कायद्यातली बाजू अशी फिरवू शकतो, हे रंगाऱ्याला ठाऊक नसतं आणि एजंट सांगत नाही.

गंमत अशी, की गेल्या काही वर्षांत याच पट्ट्यात उलटं वारंही वाहू लागलं आहे. सिडकोच्या ऐंशी-नव्वदीतल्या इमारती आता तिशी-चाळिशीच्या झाल्या. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे आणि महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची सी-१ पासून सी-३ पर्यंत वर्गवारी करून यादी जाहीर करते. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनंतर पुनर्विकासाची गणितं जुळू लागली. परिणामी काही सोसायट्यांत रंग काढणं थांबलं. पडक्या प्लास्टरचं, उखडलेल्या फरश्यांचं घर एजंट अभिमानाने दाखवतो आणि म्हणतो, ‘बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय.’ तिथे टाइल कुणी बघत नाही. भविष्यातल्या टॉवरचं रंगीत चित्र बघतात. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. ही दोन नावं त्या चित्राची पार्श्वभूमी. धोकादायक यादीतलं नाव, जे एरवी दर पाडायला हवं, तेच काही वेळा दर चढवतं. मग विचारायचं ते एवढंच: सर्वसाधारण सभेचा ठराव झाला आहे का, बिल्डर नेमला आहे का, करार नोंदवला आहे का. ‘चाललीय’ हा शब्द कुठल्याही कागदावर नसतो.

फाइलला रंग

दिघ्याचा धडा अजून ताजा आहे. नवी मुंबईच्या उत्तर टोकाला तिथल्या ९९ बेकायदा इमारतींवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ पासून हातोडा पडू लागला. त्यातल्या खोल्या विकत घेणारी माणसं कारखान्यांतली, रिक्षावाली, घरकाम करणारी. त्यांनी खोली पाहिली होती, भिंती पाहिल्या होत्या. जमीन कुणाची, परवानगी कुणाची, हे भिंतीवर लिहिलेलं नसतं.

शिरवण्यात गावठाणातली खोली घेणारा माणूसही बहुधा तोच. सेक्टरातला दर त्याच्या आवाक्याबाहेर, मोठ्या बँका ओसीशिवाय सहसा कर्ज देत नाहीत, म्हणून दागिने मोडून, गावची जमीन विकून रोख उभी करतो. त्याला ‘नोटरीवर करून देतो’ किंवा ‘पॉवर ऑफ ॲटर्नी देतो’ असं सांगतात. सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे, की मुखत्यारपत्र आणि साठेखताच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो. म्हणजे निळ्या दिव्यांच्या पट्टीखाली बसून तो जे विकत घेतो ते कायद्याच्या नजरेत घर नसतं, फार तर एक वचन असतं.

म्हणून विकणाऱ्याने रंगाऱ्याआधी फाइल हातात घ्यावी. सिडकोचं घर असेल तर वाटपपत्र, साखळीतले सगळे नोंदणीकृत करार आणि त्यांचे इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्स आणि मालमत्ता कराच्या अलीकडच्या पावत्या, कर्ज फिटलं असेल तर बँकेचा दाखला. बहुतेक जमीन सिडकोची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची. त्यामुळे हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क किती लागेल हे आधीच विचारून ठेवावं. सोसायटीचा हस्तांतरण अधिमूल्याचा आकडा महापालिका हद्दीत २५,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही, हेही दोघांना ठाऊक असावं. व्यवहार ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापायचा, ते टोकनच्या वेळीच बोलून घ्यावं. साडेबाराचं घर असेल तर त्रिपक्षीय करार आणि ओसी वर काढून ठेवावेत. गॅलरी बंद करून हॉल वाढवला असेल, टेरेसवर पत्रा टाकला असेल, तर मंजूर नकाशात मूळ काय आहे ते स्वतःहून दाखवावं.

लाखभर रुपये खर्चायचे असतील तर क्रमही ठरवता येतो. पहिले पैसे गळतीवर, टेरेसच्या किंवा वरच्या बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर, आणि त्याची गवंड्याची पावती फाइलमध्ये. दुसरे वायरिंग आणि नळजोडांवर. तिसरे रंगावर, भिंत पूर्ण वाळल्यानंतर. सोफा, पडदे, सुगंधी मेणबत्ती सगळ्यात शेवटी, आणि उरले तरच. या यादीतली पहिली तीन कामं किल्ल्या दिल्यानंतरही नव्या मालकाच्या उपयोगी पडतात. घर दाखवून झाल्यावर जी गोष्ट आपण परत घेऊन जाणार, तिच्यावर कमी खर्च करावा.

दोष आधीच सांगितले तर दर पडेल अशी भीती असते. गळती सांगितली तर पन्नास हजार, लाख कमी होतील, होऊ शकतात. पण ते टोकनच्या आधी, समोरासमोर, एकदाच कमी होतात. लपवलेली गळती किंवा न सापडणारी ओसी बँकेच्या वकिलाच्या किंवा मूल्यांकन करणाऱ्याच्या टेबलावर उघडी पडते, तेव्हा सौदा मोडतो. टोकन परत करावं लागतं, दसऱ्याचा मोसम निघून गेलेला असतो, व्याजाचे तीन हप्ते वाढलेले असतात, आणि ‘त्या घरात काहीतरी आहे’ ही बातमी एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेली असते. त्यानंतर कितीही रंग काढला तरी पुढचं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो त्या मोडलेल्या सौद्याचा. शिरवण्यात घर विकणाऱ्याला परवडणारी सगळ्यात स्वस्त सजावट म्हणजे दोष आधीच सांगून टाकणं, कारण तिला दरवर्षी नव्याने हात मारावा लागत नाही.